खारघरच्या साठ सायकली आणि दोन दरपत्रकं

१७ नोव्हेंबर २०२३ ला बेलापूर ते पेंधर मेट्रो सुरू झाली, तेव्हा खारघरमध्ये लोक नुसते बघायला म्हणून गाडीत बसून येत होते. काम २०११ ला सुरू झालेलं. तेव्हा या रस्त्यांवरून बालवाडीत जाणारी मुलं मेट्रो सुरू होईपर्यंत कॉलेजच्या उंबऱ्यावर आली होती. बेलपाडा, उत्सव चौक, केंद्रीय विहार, खारघर गाव, सेंट्रल पार्क, पेठपाडा अशी स्थानकं ओळीने उघडली. रेल्वे स्टेशन गाठायचं तर रिक्षा नाहीतर बस एवढंच ज्या वस्तीला माहीत होतं, तिच्यातल्या कितीतरी घरांना दहा-पंधरा मिनिटांच्या चालीवर स्थानक मिळालं.

ती दहा-पंधरा मिनिटं हाच आमचा धंदा होता.

मी तेव्हा भाड्याने सायकली देणाऱ्या एका छोट्या कंपनीत होते. नाव देत नाही, कारण कंपनी आता नाही आणि तिथली माणसं दुसरीकडे कामाला लागली आहेत. नवी मुंबई महापालिकेने २०१८ च्या अखेरीस युलू या भाड्याने सायकली देणाऱ्या कंपनीबरोबर आपल्या हद्दीत ‘जन सायकल सहभाग प्रणाली’ सुरू केली होती. तिचा आमच्याशी काही संबंध नव्हता. खारघर पनवेल महापालिकेत येतं, आणि आमचे स्टँड दुकानांसमोरच्या आणि सोसायट्यांच्या खासगी जागेत होते. सायकली साठ, स्टँड आठ, माणसं पाच. दरपत्रक बनवणं माझ्याकडे होतं. पहिलं दरपत्रक चुकलं, आणि ते कसं चुकलं हे सविस्तर लिहावंसं वाटतं, कारण तीच चूक पुन्हा होताना मी पाहते आहे.

तासाची सायकल

भाड्याची सायकल ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. माझं लहानपण ठाण्यात गेलं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी सायकलचं दुकान होतं. पंक्चर काढणं हे त्यांचं मुख्य काम, आणि बाजूला आठ-दहा लहान-मोठ्या सायकली भाड्याला. मडगार्डवर पांढऱ्या रंगात नंबर घातलेला. सुट्टीत सकाळी जाऊन नंबर लावायचा. काका लांबट वहीत नाव, सायकलचा नंबर आणि घड्याळात बघून वेळ लिहायचे. अनामत नाही. “कुणाची गं तू?” एवढा एक प्रश्न. वडिलांचं नाव सांगितलं की सायकल हातात. तासापेक्षा पाच मिनिटं उशीर झाला तर चालायचं, पंधरा मिनिटं झाला तर पुढच्या अर्ध्या तासाचे पैसे. आणि दुपारी चारनंतर, मुलांची गर्दी झाली की, ते कुणालाच एका तासापेक्षा जास्त देत नसत. दुप्पट पैसे देतो म्हटलं तरी नाही. “बाकीची पोरं उभी आहेत ना?” म्हणायचे.

हे शेवटचं वाक्य मला दरपत्रक बनवताना आठवायला हवं होतं. आठवलं ते चार महिन्यांनी.

दर ठरला कसा

डिसेंबर २०२३ मध्ये आम्ही दर ठरवायला बसलो. माझ्यासमोर तीन आकडे होते. रिक्षाचं मीटरचं किमान भाडं तेव्हा २३ रुपये, १ ऑक्टोबर २०२२ पासूनचं. शेअर रिक्षाच्या सीटला आमच्या पट्ट्यात १० रुपये घेत होते. आणि मेट्रोचं स्वतःचं तिकीट पहिल्या दोन किलोमीटरला १० रुपये, पूर्ण मार्गाला ४० रुपये.

दुसऱ्या बाजूला आमचा खर्च. एक सायकल कुलपासकट साधारण १८,००० रुपयांना पडली. तीन वर्षं टिकेल असं धरलं, म्हणजे दिवसाला साडेसोळा रुपये. एक छोटा टेम्पो, त्याचा ड्रायव्हर आणि एक मेकॅनिक, डिझेल, सुटे भाग मिळून महिन्याला ५४,००० च्या घरात. साठ सायकलींवर वाटलं की प्रत्येकीवर दिवसाला तीस रुपये. कुलपातलं सिम, ॲप, तक्रारींचा फोन, दुकानदारांना जागेचं भाडं, हे आणखी सहा. बेरीज बावन्न-त्रेपन्न रुपये. दर फेरीला १० रुपये मिळाले तर प्रत्येक सायकलीने रोज पाचाहून जास्त फेऱ्या करायला हव्यात. पाच रुपये घेतले तर दहाहून जास्त.

यातला साडेसोळाचा आकडा सगळ्यांना दिसतो, कारण तो सायकलच्या किमतीचा आहे. तीसचा आकडा दिसत नाही. सायकल सकाळी घराकडून स्थानकाकडे जाते आणि तिथेच पडून राहते. तिला परत आणणं, चेन बसवणं, सीटचा दांडा घट्ट करणं, कुलपाची बॅटरी बघणं, हे रोजचं काम आहे. भाड्याच्या सायकलींची योजना म्हणजे खरं तर टेम्पोची योजना असते. हे मी बैठकीत म्हटलं होतं, पण मलाच त्याचा पूर्ण अर्थ कळला नव्हता.

मी मांडलेला दर असा: पहिल्या अर्ध्या तासाला १० रुपये, पुढच्या प्रत्येक अर्ध्या तासाला ५ रुपये. अनामत ३०० रुपये, परत मिळणारी. दर सांगायला सोपा होता. शेअर रिक्षाच्या सीटएवढाच होता. आणि ‘जास्त वेळ चालवली तर स्वस्त’ हे गिऱ्हाइकाला आवडेल असं वाटलं. दुकानदारीत आपण हेच शिकतो: एक घेतलं तर इतके, डझन घेतले तर कमी.

वरिष्ठांनी त्यात एक भर घातली. पहिला महिना फेऱ्या मोफत, फक्त अनामत भरायची. “फुकट दिलं की लोक येतात, आलेले लोक राहतात,” असं त्यांचं म्हणणं. मी विरोध केला नाही. तेव्हा मलाही ते पटलं होतं.

रविवार, सेंट्रल पार्कचं गेट

शुभारंभ जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी सेंट्रल पार्कच्या गेटाशी केला. रविवार का? पाहुण्यांना वेळ असतो, फोटो चांगले येतात, ट्रॅफिक नसतं. नारळ फोडला, झेंडा दाखवला. साठही सायकली एका रांगेत, नव्या रंगाच्या, हँडलला झेंडूच्या माळा. तासाभरात एकही उरली नाही. लहान-मोठी सगळी चालवत होती. एका आजोबांनी पंचवीस वर्षांनी सायकल चालवली म्हणून मला हात जोडून सांगितलं. मी त्या दिवशी फार आनंदात घरी गेले.

आज वाटतं, त्या सकाळी आम्ही खारघरला एक गोष्ट पक्की सांगून बसलो: या सायकली फिरायला आहेत. सोमवारी सकाळी साडेसातला पेठपाड्याच्या स्थानकाखाली आम्ही उभे असतो, तिथे दहा सायकली आणि एक वही घेऊन, तर वेगळं काही सांगितलं असतं.

महिनाभर नकाशावर ठिपके बघत होते. संध्याकाळी पाच ते आठ सगळे ठिपके पार्कच्या आसपास गोळा व्हायचे. रात्री ते विखरायचे, पण स्टँडवर नाही, इमारतींमध्ये. कुलपाला जीपीएस होतं, पण उंच इमारतींच्या मध्ये ते पंधरा-वीस मीटर इकडेतिकडे दाखवतं. आमचे मेकॅनिक, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणत होतो, सकाळी सोसायट्यांच्या गेटवर वॉचमनला विचारत फिरायचे. स्टिल्ट पार्किंगमध्ये, दोन गाड्यांच्या मध्ये, आमची सायकल सापडायची. दोनदा तर आमच्या कुलपावर घरच्या साखळीचं दुसरं कुलूप. उद्या मुलाला पुन्हा हवी असेल, मिळाली नाही तर? म्हणून बांधून ठेवली. त्यात चोरीचा भाव नव्हता. वस्तू फुकट आहे आणि पुन्हा मिळेल याचा भरवसा नाही, मग माणूस ती धरून ठेवतो. रेशनच्या रांगा पाहिलेल्या पिढीला हे समजावून सांगावं लागत नाही.

आणि सकाळी साडेसात ते नऊ, ज्या वेळेसाठी हे सगळं मांडलं होतं, त्या वेळी सेक्टर ३४-३५ च्या स्टँडवर सायकल नसायची.

फेब्रुवारीत पैसे सुरू झाले, आणि आठवड्याभरात संध्याकाळची गर्दी ओसरली. लोक रागावले. जी गोष्ट महिनाभर फुकट होती तिला १० रुपये म्हणजे त्यांच्या दृष्टीने भाववाढ होती. सकाळची गर्दी मात्र वाढली नाही. ती आलीच नव्हती, मग राहणार कशी?

याच काळात एक प्रसंग घडला. एका वडिलांना मुलाने चालवलेल्या सायकलचं ११५ रुपये बिल आलं. मुलाने सायकल स्टँडला लावली होती, पण कुलपाचा खटका पूर्ण बसला नव्हता, त्यामुळे फेरी संपल्याची नोंद झाली नाही आणि मीटर रात्रभर चालू राहिलं. वडील स्टँडशेजारच्या दुकानात मोबाइल घेऊन आले. आवाज चढवला नाही. “मॅडम, दहा रुपयांसाठी आलो होतो हो आम्ही,” एवढंच म्हणाले. मी पैसे तिथल्या तिथे परत केले, पण त्या घरातून पुन्हा कुणी सायकल घेतली नाही. दर कितीही कमी ठेवा, जास्तीत जास्त किती जाऊ शकतात हे माणसाला आधी कळलं पाहिजे. आम्ही कुठेच ‘दिवसाला याहून जास्त नाही’ अशी मर्यादा लिहिली नव्हती. ती दुसऱ्या दिवशी लिहिली, ६० रुपये.

पेठपाड्याच्या ताई

मार्चमध्ये मी ठरवून पंधरा दिवस रोज सकाळी स्टँडवर उभी राहिले. ॲपवर दिसतात ते सायकल घेणारे. न घेता पुढे जाणारे दिसत नाहीत, आणि मला तेच पाहायचे होते.

सेक्टर ३५ कडून एक ताई रोज सात-चाळीसच्या सुमाराला येत. खांद्याला जेवणाच्या डब्याची पिशवी, पायात बूट. स्टँडकडे एक नजर टाकून भराभर पुढे चालत जात. चौथ्या दिवशी मी त्यांना थांबवलं. वाशीला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम. मेट्रोने बेलापूर, तिथून लोकलने वाशी. घरापासून स्थानक पंधरा मिनिटं.

मी विचारलं, “ताई, दहा रुपये जास्त वाटतात का?”

त्या म्हणाल्या, “जास्त नाहीत. पण सायकल असेलच असं कुठंय? असेल म्हणून सातपन्नासला निघायचं, आणि नसली की माझी बेलापूरची गाडी गेली. त्यापेक्षा सात-चाळीसला निघून चालते. पाय कुठं जात नाहीत.”

मग थोडं थांबून: “आणि तीनशे रुपये तुमच्याकडे कशाला ठेवू? महिनाअखेरीला तीनशे म्हणजे माझा गॅसचा हप्ता.”

मी डिसेंबरमध्ये रिक्षाशी बरोबरी करत बसले होते. या बाई रिक्षात बसतच नव्हत्या. दीड किलोमीटरच्या आतल्या अंतराला खारघरमध्ये नोकरी करणारा माणूस चालतो. आमची स्पर्धा पायांशी होती, आणि पाय फुकट असतात, हमखास असतात, अनामत मागत नाहीत. त्यांच्यासमोर सायकल टिकायची तर ती आधी हमखास असायला हवी होती. स्वस्ताई त्यानंतर.

आणि हमखास का नव्हती? माझ्या दरामुळे. पहिल्या अर्ध्या तासाला दहा आणि पुढे पाच, म्हणजे सायकल जितका वेळ धरून ठेवाल तितकी स्वस्त. दोन तास फिरवली तर २५ रुपये. आठ मिनिटांसाठी घेतली तर १० रुपये. आठ मिनिटांत सायकल सोडून देणारा आमचा सगळ्यात चांगला गिऱ्हाईक, कारण तीच सायकल लगेच दुसऱ्याला मिळते. त्याच्याकडून मिनिटाला सव्वा रुपया घेत होतो. दोन तास अडवून ठेवणाऱ्याकडून मिनिटाला एकवीस पैसे.

गल्लीतल्या काकांना हे वही आणि घड्याळाच्या जोरावर कळलं होतं.

चढता दर

त्यानंतर मी बाहेरच्या शहरांची दरपत्रकं पुन्हा वाचली, या वेळी आकड्यांपेक्षा दर वेळेबरोबर चढतो की उतरतो ते बघत. पॅरिसमध्ये जुलै २००७ ला ‘वेलिब’ ही भाड्याच्या सायकलींची योजना सुरू झाली तेव्हा सभासदाला पहिला अर्धा तास मोफत होता, दुसऱ्या अर्ध्या तासाला १ युरो, तिसऱ्याला २, आणि त्यापुढे प्रत्येक अर्ध्या तासाला ४ युरो. लंडनने २०१० मध्ये तसंच केलं: अर्ध्या तासापर्यंत काही नाही, तासाला १ पौंड, दीड तासाला ४, दोन तासांना ६, तीन तासांना १५. म्हणजे दर चढत जाणारा. लहान फेरी जवळपास फुकट, अडवून ठेवणं महाग. हे उदारपणाचे आकडे नव्हते, सायकल फिरती ठेवण्याचे होते. पॅरिसने तर एक पाऊल पुढे टाकलं. उंचावरच्या वस्त्यांमधून लोक सायकलने खाली उतरत, पण चढ चढून परत आणत नसत. मग २००८ पासून अशा शंभर स्थानकांवर सायकल परत लावणाऱ्याला पंधरा मोफत मिनिटं बक्षीस मिळू लागली. टेम्पोचं काम गिऱ्हाइकानेच करावं, त्याचा मोबदला वेळेत द्यावा.

अर्थात पॅरिसचा खर्च तिकिटातून निघत नव्हता. जेसीडेको या जाहिरात कंपनीने सायकली चालवल्या आणि बदल्यात शहरातल्या जाहिरात फलकांचे हक्क घेतले. लंडनला बँकेचं नाव सायकलवर होतं, आणि तरीही जानेवारी २०१३ मध्ये दिवसाचं शुल्क १ पौंडावरून २ आणि वर्षाचं ४५ वरून ९० करावं लागलं. हे आकडे मी वरिष्ठांना दाखवले ते एवढ्यासाठीच, की साठ सायकली नुसत्या फेऱ्यांच्या पैशावर उभ्या राहतील ही आशा आपण सोडू आणि मग दर कशासाठी आहे ते ठरवू.

अनामतीबद्दलही माझं मत तेव्हा ठाम झालं. चीनमध्ये ओफो ही भाड्याने सायकली देणारी कंपनी अडचणीत आली तेव्हा, डिसेंबर २०१८ मध्ये, आपली अनामत परत मागणाऱ्यांची ऑनलाइन रांग एक कोटीच्या पुढे गेली होती. लोकांचे ठेवीचे पैसे हा कंपनीला भांडवलासारखा वाटायला लागतो, आणि तिथून घसरण सुरू होते. आमचे आकडे त्यापुढे मुंगीएवढे. पण ताईंच्या तीनशे रुपयांना त्यांच्या घरात जे वजन होतं ते तिथल्या कुणाच्याही पैशापेक्षा कमी नव्हतं.

एप्रिलमध्ये दुसरं दरपत्रक लागलं. पहिली वीस मिनिटं ५ रुपये. पुढच्या वीस मिनिटांना आणखी १०. त्यापुढे प्रत्येक वीस मिनिटांना २०. दिवसाची ६० रुपयांची मर्यादा कायम. पूर्वी तासाला १५ रुपये पडत, आता ३५. अनामत रद्द. त्याऐवजी ४० फेऱ्यांचं पुस्तक १६० रुपयांना, म्हणजे वीस मिनिटांची एक फेरी ४ रुपयांत. पुस्तक घेणाऱ्याने पैसे आधीच भरलेले असतात, त्याच्याकडून वेगळी हमी कशाला? ज्यांच्याकडे ॲपवर पैसे भरायची सोय नव्हती त्यांना स्टँडशेजारचा दुकानदार रोख घेऊन फेऱ्या जमा करून द्यायचा, एका पुस्तकामागे त्याला १० रुपये.

फिरायला येणाऱ्यांचं काय? त्यांच्यावर राग काढण्यात अर्थ नव्हता. सेंट्रल पार्कच्या स्टँडवर बारा सायकली वेगळ्या काढल्या, दुसऱ्या रंगाच्या, दीड तासाला ४० रुपये, तिथूनच घ्यायच्या आणि तिथेच ठेवायच्या. रविवारी त्या बाराच्या बारा बाहेर असायच्या. दोन वेगळ्या गरजांना एकच दर लावून आम्ही दोघांनाही नाराज केलं होतं.

उलट्या फेरीचं बक्षीस हा भाग मला सगळ्यात आवडता. सकाळी लोक सेक्टरांमधून स्थानकाकडे जातात, सायकली स्थानकावर साठतात. पण खारघरमध्ये कॉलेजं भरपूर, आणि तिथली मुलं त्याच वेळेला बाहेरून येतात, स्थानकाकडून आत. ही उलटी धार आम्ही पहिल्यांदा पाहिलीच नव्हती, कारण आमचे आठही स्टँड घरं आणि स्थानकं बघून ठेवले होते. दोन स्टँड उचलून कॉलेजांच्या रस्त्यावर नेले. सकाळी साडेआठ ते दहा स्थानकावरून आत नेलेली फेरी मोफत केली. मामा म्हणाले, “पोरं टेम्पोपेक्षा बरी. टेम्पोला डिझेल लागतं.” मे महिन्यात परीक्षा संपून कॉलेजं सुटली आणि ही धार आटली, तेव्हा टेम्पो पुन्हा तितकाच फिरू लागला. पण ते दीड महिने सकाळी सेक्टर ३५ च्या स्टँडवर सायकल असायची. ताईंनी पुस्तक घेतलं. त्यांची निघायची वेळ सात-पन्नास झाली.

पाऊस

जूनमध्ये पाऊस सुरू झाला. खारघरला डोंगराचा पाऊस मिळतो, पांडवकड्याचा धबधबा बघायला लोक लांबून येतात तो उगाच नाही. चेनवर दोन दिवसांत गंज धरायचा. सीटवर लोक प्लॅस्टिकची पिशवी बांधायचे आणि ती तशीच सोडून जायचे. ओढणी किंवा साडी चेनमध्ये जाऊ नये म्हणून बसवलेल्या पत्र्याच्या चेनकव्हरमध्ये चिखल साठून पेडल जड व्हायचं. मामा रोज सकाळी एक-एक कव्हर उघडून काडीने चिखल काढत बसायचे. आमचे टायर भरीव होते, पंक्चर नको म्हणून घेतलेले. ओल्या रस्त्यावर ते घसरतात हे कळल्यावर मी स्वतः लोकांना सांगू लागले, जोराचा पाऊस असेल तर घेऊ नका.

पुस्तकाला आम्ही मुदत ठेवली नव्हती. मासिक पास ठेवा असा आग्रह होता, ठरलेलं उत्पन्न मिळतं म्हणून. पण जून ते सप्टेंबर महिन्यातले किती दिवस सायकल चालवता येईल? पासचे पैसे पावसात वाहून गेले अशी भावना झाली की तो माणूस ऑक्टोबरमध्ये परत येत नाही. फेऱ्या संपेपर्यंत पुस्तक चालेल, मग ते दिवाळीत का असेना, हा निर्णय मी धरून ठेवला आणि आजही तो बरोबर वाटतो.

मात्र पावसाळ्याचे चार महिने पगार, टेम्पो आणि जागेचं भाडं चालू आणि उत्पन्न जवळपास शून्य, हे साठ सायकलींना झेपणारं नव्हतं. सकाळच्या फेऱ्या वाढल्या होत्या, रोजच्या बावन्न रुपयांच्या जवळ मात्र आम्ही कधीच पोचलो नाही. सायकलच्या टोपलीवर जाहिरात देणारे दोन दुकानदार मिळाले, मोठा कुणी मिळाला नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये मेट्रोने तिकीट कमी केलं, कमाल भाडं ४० चं ३० झालं. त्याने आमचं काही वाढलं असं म्हणता येणार नाही, पण मला ते महत्त्वाचं वाटलं. घरापासून वाशीपर्यंत जाणारा माणूस सायकल, मेट्रो आणि लोकल यांची एकच बेरीज करतो. त्यातला एक भाग सार्वजनिक पैशातून स्वस्त होऊ शकतो, तर सायकलवरची पहिली आठ मिनिटं का नाही? पदपथाचं भाडं आपण कुणाकडून घेत नाही.

ऑक्टोबरनंतर भांडवल देणाऱ्यांनी हात आखडता घेतला. त्यांना आता पायडलच्या सायकलींत रस नव्हता, विजेच्या दुचाकींत होता. २५० वॉट आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या गाडीला परवाना लागत नाही, आणि जेवण-किराणा पोचवणारी मुलं ती आठवड्याच्या भाड्याने घेतात, पाऊस असो की ऊन. तो धंदा चालतो, मला मान्य आहे. पण त्याने पेठपाड्याच्या स्थानकापर्यंतची पंधरा मिनिटं कमी होत नाहीत.

बंद करायचं ठरलं तेव्हा मी एकच अट घातली. उरलेल्या फेऱ्यांचे पैसे प्रत्येकाला परत द्यायचे, फेरीला चार रुपये, मागायची वाट न बघता. यादी घेऊन मी आणि मामा तीन आठवडे हिंडलो.

ताईंच्या पुस्तकात १३ फेऱ्या उरल्या होत्या. मी सकाळी सात-पन्नासला स्टँडच्या जागी उभी राहिले. आमच्या सायकली उचलून नेल्या होत्या. लोखंडी दांडा तेवढा दुकानदाराने ठेवून घेतला होता. ताई सायकलवर आल्या. जुनी, बहुधा कुणीतरी वापरून विकलेली, पुढे पिशवीपुरती टोपली. त्यांनी ती आमच्या दांड्याला साखळीने बांधली, किल्ली पर्समध्ये टाकली.

“सवय लावलीत तुम्ही, मग आता पायी जाववत नाही हो,” त्या म्हणाल्या. “भावाने दोन हजारात मिळवून दिली.” मी ५२ रुपये हातात ठेवले. त्यांनी मोजून घेतले, आणि दांडा इथून काढणार नाहीत ना, असं दुकानदाराला विचारून जिन्याकडे गेल्या.